कुसू

रे रोडच्या वखारीतून खिडकीची एक जुनी चौकट आणली,
घासाघीस करून साडेसातशेला.
टॅक्सीवाला म्हणाला, मावशी, मावणार नाही.
शेवटी खिडकीतून खिडकी अर्धी बाहेर काढली
आणि शिवडीपासून चेंबूरपर्यंत
मी तिचं आतलं टोक मांडीवर धरून बसले.

इनासकाका म्हणतात, नवं लाकूड हलतं.
जुन्याचं काय हलायचं ते हलून झालेलं असतं.
गोदीत पॅटर्न करायचे ते,
लोखंड ओतण्याआधीचं त्याचं लाकडी रूप.
आता शनिवारी माझ्या बाल्कनीत स्टुलावर बसतात
आणि कशालाही हात लावत नाहीत.

पहिले तीन महिने नुसती धार.
पटाशी, पाणी, निसणा.
हातावरचे केस अलगद निघाले की पुढचा धडा.
डाव्या मनगटाजवळ मला अजून एक टक्कल आहे.

मग करवत.
"रेघ खायची नाय. सोडायची पण नाय.
अर्धी ठेवायची."
अर्धी रेघ कशी ठेवतात
ते अठ्ठावन्नाव्या वर्षी
जरा जरा कळायला लागलं.

एकतीस वर्षं मी बँकेत सह्या ताडून पाहिल्या.
नमुन्याचं कार्ड डावीकडे, चेक उजवीकडे.
हुबेहूब सही दिसली की मी थांबायचे.
खरा माणूस दरवेळी थोडा चुकतो.

माझा पहिला सांधा बाहेरून हुबेहूब होता.
काकांनी कानाशी धरून हलवला,
म्हणाले, खुळखुळा झालाय, पोराला द्या कुणाच्या.
मी भुशात सरस कालवून फट लिंपली,
वरून पॉलिश पेपर मारला.
पुढच्या शनिवारी त्यांनी नुसतं नख फिरवलं
आणि चहा अर्धा ठेवून गेले.

आज चौकट खोलली.
खालच्या गुप्तेबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं,
दहा ते बारा मोगरी वाजेल.
वाजवा, म्हणाल्या, पण ठेक्यात.

खुंट्या ठोकून काढल्या.
तीन कोपरे मुकाट निघाले.
चौथा कुरकुरला, अडला,
मी घाम पुसला, शिवी दिली,
आणि त्यानं एकदम सोडलं.

किती वर्षं उजेड न पाहिलेलं सागवान.
चामड्याचा, ओल्या चहापत्तीचा वास.
कुसवाच्या गालावर चाकूनं कोरलेला चार.
भोकाच्या कडेला त्याचा जोडीदार, चार.
वरची शिंगं आखूड, गाठ डावीकडे कललेली.
कार्ड डावीकडे, चेक उजवीकडे:
एकाच हाताचे. शपथेवर सांगेन.
दुसरा घाईतला.
जेवणाची सुट्टी झाली असेल.

आणि गालाला चिकटून,
पोस्टकार्डाहून पातळ, एक सालपं.
त्याची फट.
त्यानं भरलेली.

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली घेतला,
सालपं उजेडाशी धरलं.
"भुसा नाय. रंध्याचं सालपं हाय. शिरा जुळवून लावलंय."
मी काही बोलले नाही.
रस्त्यावरचा भंगारवाला ओरडत लांब जाईपर्यंत
तेही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आम्ही पण लावायचो."
आणि आज चहा पूर्ण प्यायले.

ते गेल्यावर, त्याच्याच लाकडाच्या एका तुकड्यातून
मी नवं कुसू कापलं.
अर्धी रेघ राहिली.
एका ठिकाणी नाही राहिली.
रंध्यातून निघालेल्या सालपांतलं एक
जपून बाजूला काढलं,
शिरा बघितल्या.

बसवण्याआधी दोन्हीकडे आकडा कोरायचा होता.
चारपर्यंत त्याचे झालेत,
म्हणून मी पाच घातला.
पाचाचं पोट चाकूला वळत नाही, टोकदार येतं.
दुसरीकडे वेगळंच आलं.
राहू दे.

मोगरीचे सहा ठोके, ठेक्यात.
आकडे आत गेले.
खालून गुप्तेबाईंच्या कुकरची शिट्टी झाली.